भुतेकर, १९६५

अमडापूरच्या भुतेकरांचा इंद्रभान डॉक्टर झाला तेव्हा गावानं आधी पेढे खाल्ले आणि मग चौकशी केली. चौकशीत कळलं, डॉक्टर ढोरांचा आहे. तरी म्हाताऱ्या बाया आपले गुडघे दाखवायला येतच राहिल्या. पुढे कळलं की तो ढोरांनाही औषध देत नाही. मुंबईच्या एका सरकारी संस्थेत बसून त्यांचं रक्त तपासतो. तेव्हा मात्र गावाचा पार हिरमोड झाला.

त्याचे वडील किसनराव एकदा त्याला म्हणाले, "तू नेमकं करतं काय, ते मले एकदा सांग. लोक इचारतात."

इंद्रभाननं समजावून सांगितलं. लस टोचली की बैलाच्या रक्तात रोगाशी झुंजायची ताकद येते. ती आली का, किती आली आणि किती दिवस टिकली, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बैलाचं रक्त काढायचं, ते गोठल्यावर वर जे पिवळं पाणी सुटतं ते उंदरांना टोचायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच उंदरांना रोगाचे जंतू टोचायचे. उंदीर जगले तर बैलात ताकद आहे. मेले तर नाही.

"म्हंजे उंदरं मारतं तू," किसनराव म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

इंद्रभानच्या मनातला विषय मात्र लहानपणापासूनचा होता. पावसाळा लागला की पैनगंगेच्या काठच्या गावांत गुरांना घटसर्प व्हायचा. सकाळी चांगला चरणारा बैल दुपारी मान टाकायचा, गळा सुजायचा, घशात घरघर लागायची, आणि दिवस मावळायच्या आत खेळ खलास. त्यावर लस होती, पण तिचा असर थोडक्या महिन्यांचा. संस्थेत तेलात कालवलेली नवी लस तयार झाली, तेव्हा ती किती काळ टिकते हे शोधायचं काम इंद्रभाननं मागून घेतलं. त्यासाठी त्यानं मेहकर तालुक्यातलं नदीकाठचं एक गाव निवडलं. रुख्मिणी, त्याची बायको, मेहकरचीच. त्यामुळे उतरायला सासुरवाडी होती.

हे बासष्ट सालचं. गावातले साठ बैल त्यानं निवडले, त्यांच्या कानांत नंबरचे पत्र्याचे बिल्ले मारले, एकेक सुई टोचली. अट एकच होती: पुढची दोन वर्षं या साठ बैलांना दुसरी कुठलीही लस द्यायची नाही. लक्ष ठेवायला तिथल्या ढोरांच्या दवाखान्यातला मदतनीस होता, स्टॉकमन कडूबा. पन्नाशीला टेकलेला, सायकलवर गावोगाव फिरणारा, ढोरांच्या नुसत्या कानाला हात लावून ताप सांगणारा माणूस. दर सहा महिन्यांनी इंद्रभान बर्फाचा डबा घेऊन एस.टी.नं यायचा. कडूबा बैल धरायचा, इंद्रभान मानेच्या शिरेतून रक्त काढायचा आणि परत मुंबई गाठायचा.

सहा महिन्यांनी उंदीर जगले. वर्षानं जगले. दोन वर्षांनीही जगले, तेव्हा इंद्रभानचा स्वतःवर विश्वास बसेना. त्यानं चाचणी पुन्हा केली. पुन्हा जगले.

पासष्ट साली त्याचा पेपर एका परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यात त्यानं लिहिलं होतं की तेलातल्या लशीची एक सुई बैलाला दोन वर्षं राखते. त्याच्या नावाखाली संस्थेच्या डायरेक्टरांचं नाव होतं, आणि शेवटी आभारांत 'स्थानिक कर्मचारी' असे दोन शब्द होते. ते म्हणजे कडूबा.

दोन महिन्यांत पोस्टकार्डं यायला लागली. केनिया, सिलोन, ब्रह्मदेश, इराण. तिथले लोक पेपरची प्रत मागत. इंद्रभान प्रत पाठवून द्यायचा आणि कार्ड घरी आणायचा. रुख्मिणी ती एका बिस्किटांच्या डब्यात ठेवायची आणि शेजारणींना तिकिटं दाखवायची. पुढे संस्थेच्या ग्रंथालयात एक नवं प्रकरण आलं. वीटभर जाडीचे ग्रंथ, मुंगीएवढी अक्षरं. त्यात जगातल्या कुठल्या पेपरचा आधार पुढे कोणी कोणी घेतला, त्याच्या याद्या असत. डायरेक्टरांनी स्वतः भिंग लावून त्यात भुतेकर हे नाव शोधलं. एकोणसत्तरच्या अखेरीस त्या एका पेपरचा आधार अडतीस ठिकाणी घेतलेला होता. संस्थेतल्या इतर सगळ्यांचे मिळूनही तितके भरत नव्हते. वार्षिक अहवालात तो आकडा छापला गेला. इंद्रभानला बढती मिळाली आणि दिल्लीच्या एका समितीवर नाव लागलं.

आणखीही एक गोष्ट झाली, जिच्याकडे त्याचं तेव्हा फारसं लक्ष गेलं नाही. लस नेहमीच अपुरी पडायची. खात्यानं पेपरच्या आधारानं हुकूम काढला की एका वर्षी निम्म्या गावांत लस टोचावी, दुसऱ्या वर्षी उरलेल्या निम्म्यांत. एक सुई दोन वर्षं पुरते तर दर साली कशाला?

सत्तर सालच्या श्रावणात बुलडाण्याहून कागद आला: मागच्या साली लस टोचलेल्या गावांत घटसर्पानं बैल मरत आहेत. डायरेक्टर म्हणाले, "लस उन्हात ठेवली असेल कुणीतरी. जाऊन बघून या, भुतेकर."

इंद्रभान मेहकरला उतरला आणि तडक त्याच नदीकाठच्या गावी गेला. गावाच्या तोंडाशीच सोजराबाईचं शेत होतं. वांगी, मिरची, थोडी कपाशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बैलजोडीवर सारा कारभार. एक बैल आदल्या दिवशीच मेला, ओढून नेला होता. दुसरा लिंबाखाली उभा होता, पाय फाकवून, जीभ बाहेर, गळा घागरीएवढा. त्याच्या श्वासाचा आवाज बांधावरूनच ऐकू येत होता.

सोजराबाई त्याच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होती. इंद्रभानला पाहून तिनं ओळखलं.

"तुमीच नं ते, कानात बिल्ले मारनारे डाक्टर?"

"हाव, मीच."

"मंग पाहा न भाऊ याच्याकडं. सुई टोचली होती याले. माह्या डोयासमोर टोचली मागच्या साली. औंदा म्या इचारलं त्या कडूबाले, तर म्हने, औंदा तुमच्या गावची पाळी नाही. मुंबईच्या सायबानं लिहून देल्लं, दोन साल घोर नाही."

इंद्रभाननं पिशवीतून औषध काढून बैलाला टोचलं. उशीर झाला आहे हे त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तासाभरात बैल गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. सोजराबाई रडली नाही. तिनं दावं सोडून घेतलं, गुंडाळलं, आणि एवढंच म्हणाली, "पेरनी झाली म्हनून बरं. डवरनीले, तन काढाले, कोनाचे बैल मांगू आता?"

तिथून इंद्रभान दवाखान्यात गेला तो रागानंच. कडूबा अंगणात सिरिंजा उकळत होता. आता केस पांढरे, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं.

"लस कुठं ठेवली होती मागच्या साली?"

"मडक्यात. ओल्या वाळूत. जशी दरसाल ठेवतो."

"टोचली नीट?"

कडूबानं चिमट्यानं एक सुई उचलून पाहिली आणि परत भांड्यात टाकली. तीस वर्षं सुया टोचणाऱ्या माणसाला हे विचारणं म्हणजे काय, ते इंद्रभानलाही कळलं आणि तो ओशाळला. स्टुलावर बसला. म्हणाला, "मग काऊन मरून राह्यले बैल, कडूबाभाऊ? त्या साठ बैलाईत दोन साल ताकद होती. मी स्वतः पाह्यली."

कडूबानं स्टो बंद केला. चिमटा खाली ठेवला. मग म्हणाला, "साहेब, एक गोष्ट पोटात आहे. सात सालापासून आहे. तुमी रागवा, नाहीतर रिपोट करा, पन आता सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. पहिली सुई टोचून वर्ष झालं तेव्हा, त्रेसष्टच्या पावसाळ्यात, नदीपलीकडच्या गावात घटसर्प आला. चार दिवसांत तेवीस ढोरं गेली. कडूबा अलीकडच्या गावात सगळ्या गुरांना लस टोचायला बसला. पण साठ बैल सोडून. मग ज्यांचे बैल होते ते सारे दवाखान्यावर आले.

"म्हनले, साऱ्या गावाच्या ढोरांले सुई, अन् आमच्याच बैलांले काऊन नाही? आमी काय पाप केलं? म्या सांगतलं, साहेबाचा प्रयोग आहे. ते म्हनले, बैल मेला तर साहेब देईन का बैल? काय सांगू म्या त्यांले? दोन दिवस नाही म्हनलं. तिसऱ्या दिवशी टोचलं. साऱ्या साठाले."

"साऱ्या?"

"एकबी सोडला नाही."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी आले तेव्हा लय खुश होते साहेब. रक्त काढताना म्हनत होते, कडूबाभाऊ, हे जमलं तर दुनियेत नाव होईन. माही जीभ नाही उचलली."

इंद्रभान उठला आणि दवाखान्याच्या मागे जाऊन उभा राहिला. कडूबावर ओरडावं असं वाटत होतं, पण ओरडायचं काय? साठ बैलांच्या मालकांना, जवळ लस असताना, तुमचे बैल उघडे ठेवा असं सांगून तो स्वतः मुंबईला निघून गेला होता. कडूबानं जे केलं ते कोणत्याही शहाण्या माणसानं केलं असतं. नोंदींची एक वही तेवढी खोटी राहिली, दोन वर्षांची म्हणून मोजलेली ताकद एकाच वर्षाची होती, आणि त्या वहीवर पेपर उभा होता. पेपरवर अडतीस दुसरे पेपर उभे होते, त्यांच्यावर खात्याचा हुकूम, आणि हुकुमाखाली लिंबाच्या सावलीत पडलेला सोजराबाईचा बैल.

त्यानं रिपोर्ट केला नाही. कडूबाला म्हणाला, "उद्यापासून तुम्ही माझ्यासंगं फिरा."

ते महिनाभर फिरले. ज्या गावांना त्या साली पाळी नव्हती, म्हणजे ज्यांची सुई होऊन सव्वा वर्ष लोटलं होतं, तिथल्या ऐंशी बैलांचं रक्त इंद्रभाननं काढलं. आणि रक्त काढून झालं की प्रत्येक बैलाला त्याच जागी नवी सुई टोचली. त्यासाठी त्यानं वरून परवानगी घेतली नव्हती. रक्त मुंबईला नेलं. उंदरांना टोचलं. दुसऱ्या दिवशी जंतू टोचले. तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यांची रांग पाहायला तो गेला, तेव्हा मोजायची गरजच नव्हती. पाऊण हिश्शाहून अधिक उंदीर मेले होते.

डायरेक्टरांच्या टेबलावर त्यानं चार पानं ठेवली. वर लिहिलं होतं: पूर्वीच्या पेपरातील निष्कर्षाची दुरुस्ती.

डायरेक्टरांनी ती सावकाश वाचली. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "तुमचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. पण एका स्टॉकमनच्या तोंडी सांगण्यावर तुम्ही हे उभं करताय."

"ऐंशी बैल आहेत, सर."

"ऐंशी बैल खेड्यातले. लस कशी ठेवली, कशी टोचली, कुणाला माहीत? तो पेपर आता तुमचा-माझा राहिलेला नाही, भुतेकर. बाहेरच्या देशांनी त्यावर योजना आखल्यात. आपणच म्हणायचं की आम्ही चुकलो? उद्या या संस्थेच्या कुठल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवील?"

"बैल मरून राह्यले, सर," इंद्रभान म्हणाला. रागात त्याच्या तोंडून गावाकडची बोली निघाली होती.

डायरेक्टरांनी सही केली नाही. इंद्रभाननं ती चार पानं एकट्याच्या नावानं पाठवली. दहा महिन्यांनी त्याच नियतकालिकात, शेवटच्या पानांत, पुस्तकांच्या जाहिरातींच्या अलीकडे अर्ध्या पानात ती छापून आली. चारांचं अर्धं कसं झालं ते संपादकालाच ठाऊक. त्या वर्षी समितीवरून त्याचं नाव गेलं. पुढच्या वर्षी, प्रयोगाला परवानगी नसताना सरकारी लस वापरल्याबद्दल त्याच्याकडून खुलासा मागितला गेला, आणि बाहत्तर साली त्याची बदली बुलडाण्याला झाली. जिल्ह्याचा रोगतपासणी अधिकारी. खोली एक, सूक्ष्मदर्शक एक, उंदीर नाहीत.

रुख्मिणीला माहेर जवळ आल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. सामान लावताना बिस्किटांचा डबा हाती आला तेव्हा ती म्हणाली, "याचं काय करू?"

"दे इकडं," इंद्रभान म्हणाला.

त्या डब्यात एकशे सतरा कार्डं होती. त्यानं प्रत्येकाला पत्र लिहायला घेतलं. आपण माझ्या पेपरची प्रत मागवली होती. त्यातला निष्कर्ष चूक आहे. दरवर्षी सुई द्यावी. सोबत दुरुस्तीची प्रत जोडली आहे. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी तीन पत्रं. सहा उत्तरं आली. त्यांतल्या दोघांनी आभार मानले होते. एकानं लिहिलं होतं की ते गृहस्थ वारले. इराणहून आलेल्या पत्रात दुरुस्तीचा उल्लेखच नव्हता. मूळ पेपरच्या आणखी दोन प्रती मागितल्या होत्या.

वर्षातून एकदा तो मलकापूरहून गाडी धरून मुंबईला जायचा, जुन्या ग्रंथालयात बसायचा आणि जाडे ग्रंथ उघडायचा. जुन्या सहकाऱ्यांना वाटे, बिचारा आपली कीर्ती मोजायला येतो. चौऱ्याहत्तर साली मूळ पेपरच्या नावाखाली एकसष्ट ओळी होत्या. दुरुस्तीच्या नावाखाली एक, आणि ती त्याच्याच एका लेखातली. दर नव्या ओळीमागे कुठलंतरी गाव, कुठलातरी गोठा असणार, असं त्याच्या मनात यायचं.

खात्याला त्यानं चार वेळा लिहिलं. उत्तर यायचं: मूळ संशोधन आंतरराष्ट्रीय मान्यतेचे असल्याने फेरविचाराची आवश्यकता दिसत नाही.

पंच्याहत्तरच्या मे महिन्यात तो अमडापूरच्या बाजारात गेला होता. तिथं हिंमतराव इंगळे नावाचा नवा जनावरांचा डॉक्टर शेतकऱ्यांना समजावत उभा होता. वर्षापूर्वीच कॉलेजातून निघालेला, आवाज खणखणीत. "औंदा तुमच्या गावाले गरज नाही. एक सुई, दोन साल. पुस्तकात लिहिलं आहे."

"कोण्या पुस्तकात?" इंद्रभाननं विचारलं.

हिंमतरावानं पिशवीतून पुस्तक काढलं. नवं कोरं, जाडजूड, कॉलेजात लावलेलं. पान उघडून बोट ठेवलं. वाक्याच्या शेवटी कंसात होतं: भुतेकर, १९६५.

"ते चूक आहे," इंद्रभान म्हणाला.

"काका, हे काय गावठी गोष्टीवरून नाही लिहिलं. मोठ्या संशोधकाचं आहे. परीक्षेला येते हा प्रश्न."

"तो भुतेकर मीच आहे."

हिंमतरावानं आधी हसून घेतलं. मग बाजारातल्या दोघा-चौघांनी किसनरावांचा पोरगा म्हणून ओळख पटवली, तेव्हा त्याचा चेहरा बदलला. तो वाकला आणि भर बाजारात त्यानं इंद्रभानच्या पायांना हात लावला. "सर, तुम्ही? आम्ही तुमचं नाव पाठ केलं आहे." आणि पेन पुढे करत म्हणाला, "इथं सही द्या न सर. याच पानावर."

आयुष्यात इतकी लाज इंद्रभानला कधी वाटली नव्हती. त्यानं पेन घेतलं, त्या वाक्यावर आडवी रेघ मारली, समासात लिहिलं, 'दर वर्षी, पावसाळ्याआधी', आणि खाली सही केली. हिंमतराव पुस्तकाकडे पाहत राहिला. त्याला कोऱ्या पुस्तकाचं वाईट वाटत होतं, हे दिसत होतं.

"सर, मग वरच्या हुकुमाचं काय करू?"

"हुकूम मोडा असं मी तुम्हाले सांगू शकत नाही," इंद्रभान म्हणाला. "पण उरलेली लस माझ्या ऑफिसात पडून आहे. ती कुठं वापरावी ते अजून कोणी लिहून दिलेलं नाही."

त्या पावसाळ्यात दोघांनी मिळून अकरा गावं केली. बाकीच्या गावांना लस पुरली नाही. त्यांतल्या तीन गावांत घटसर्प आला.

सत्त्याहत्तरच्या सुरुवातीला खात्याचा नवा हुकूम निघाला: लस दर वर्षी टोचावी. इंद्रभाननं तो दोनदा वाचला. त्यात आधार दिला होता दक्षिणेतल्या एका संशोधकाच्या नव्या पेपरचा. त्यानं तो पेपर मागवला. तीनशे बैल, चोख काम, शंकेला जागा नाही. आणि पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की भुतेकर यांचा दोन वर्षांचा दावा आमच्या निरीक्षणांत टिकत नाही. इतकी वर्षं तो कोणी तपासून का पाहिला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

रुख्मिणी सातवी शिकलेली. तिनं त्याच्याकडून वाक्याचा अर्थ लावून घेतला आणि ती भडकली. "कोनी तपासला नाही? तुमीच तर सहा साल आधी सांगतलं! नोकरी गेल्यासारखी झाली त्याच्यापायी. लिहा त्याले. आत्ताच्या आत्ता लिहा. मी बसते इथं."

इंद्रभान लिहायला बसला. पहिला कागद फाडला. त्यात फार राग होता. दुसराही फाडला, त्यात सगळी हकीगत कडूबापासून आली होती, आणि कडूबा वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिसऱ्या कागदावर त्यानं लिहिलं की आपले निष्कर्ष बरोबर आहेत, माझे चूक होते, आपल्या कामामुळे आमच्या जिल्ह्यात हुकूम बदलला म्हणून आभारी आहे. एवढंच.

"अन् दुरुस्तीचं?" रुख्मिणीनं विचारलं.

"सोबत प्रत टाकतो. वाचायची असली तर वाचतीन."

"तुमाले काहीच नाही वाटत?"

"वाटते न," इंद्रभान म्हणाला. "पन औंदा सुई साऱ्याईले भेटून राह्यली."

रुख्मिणीनं पाकीट त्याच्या हातातून घेतलं, आत दुरुस्तीची प्रत आहे ना ते पाहिलं, आणि डिंक लावून स्वतः बंद केलं.